दोन्ही पाकिटं एकाच पिशवीत आणा

कापूस वेचणी सुरू झाली की आमच्या उपकेंद्रात डोकेदुखीच्या बाया वाढतात. दिवसभर उन्हात वाकून वेचायचं, पाणी कमी, जेवणाची वेळ चुकलेली. जिला अर्धशिशी आहे तिचं डोकं उठणारच. मी विचारते, "कोणत्या गोळ्या सुरू आहेत?" उत्तर येतं, "काहीच नाही जी." मग बीपीचा पट्टा बांधताना हळूच कळतं की दोन वर्षांपासून माला-एन सुरू आहे. "ते काय औषध हाय का सिस्टर? ते त पाळणा लांबवाची गोळी हाय."

यवतमाळ जिल्ह्यात नर्स म्हणून मला १९ वर्षं झाली. माला-एन न्यायला येणारी बाईसुद्धा किराणा दुकानातून आणलेल्या डोकेदुखीच्या गोळ्यांचं नाव काढत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं एवढंच: घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या सगळ्या, रिकामी पाकिटंसुद्धा, एका पिशवीत घालून आणा.

त्याच्याही आधी एक गोष्ट स्वतःशी तपासा. डोकं उठायच्या आधी डोळ्यांपुढं नागमोडी, चमकणाऱ्या रेषा येतात का? नजरेतला एखादा तुकडा दिसेनासा होतो का? एका हाताला, ओठाला मुंग्या येतात का, शब्द सापडत नाही असं होतं का? हे पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकतं आणि मग बहुधा डोकं ठणकतं. डॉक्टर याला ऑरा म्हणतात. उन्हातून घरात आल्यावर क्षणभर येते ती अंधारी वेगळी. बाया दोन्हीला 'डोयापुढं चमकते' म्हणतात, म्हणून मी त्यांना बोटानं हवेत रेघ काढून दाखवायला सांगते. ऑरा असणारी बाई नागमोडी रेघ काढते.

ऑरा असेल तर माला-एन आणि माला-डी तुमच्यासाठी नाहीत. त्यांच्या पांढऱ्या गोळीत इस्ट्रोजेन असतं आणि त्यानं रक्तात गुठळी व्हायचा धोका वाढतो. ऑराच्या अर्धशिशीत पक्षाघाताचा धोका आधीच थोडा जास्त असतो, त्यात ही भर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत हा चौथा गट आहे, म्हणजे वापरूच नये. ऑरा नाही, पण अर्धशिशी आहे आणि वय ३५ च्या वर आहे, तरी मी ही गोळी नव्यानं सुरू करत नाही. बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तेव्हाही नाही. गोळी खात असताना ऑरा पहिल्यांदाच आला, तर पांढरी गोळी थांबवा, निरोध वापरा आणि लगेच भेटा. चेहरा वाकडा झाला, एक हात गळून गेला, जीभ अडखळली, तर ही अर्धशिशीच असेल म्हणून वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

गोळी बंद केली म्हणजे मार्ग संपला नाही. तांबीत हार्मोन नाही. छाया नावाची गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढं एकदा घ्यायची, तिच्यातही हार्मोन नाही. अंतराचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी; त्यात हार्मोन आहे, पण इस्ट्रोजेन नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. ३१ व्या वर्षी डोकं महिन्यातून सहा-सात वेळा उठू लागलं, तेव्हा एका डॉक्टरांनी मला टोपिरामेट, म्हणजे डोकं वारंवार उठू नये म्हणून रोज घ्यायचं औषध, लिहून दिलं. मी माला-एन घेत होते. त्यांनी विचारलं नाही आणि शेजारी भासरे बसलेले, म्हणून मी सांगितलं नाही. नर्स असून नाही सांगितलं. घरी येऊन पुस्तक काढलं आणि रात्रभर झोप लागली नाही. टोपिरामेटमुळे यकृत हार्मोन लवकर मोडून टाकतं, म्हणजे माला-एनचं बळ कमी होतं. दिवसाला २०० मिलिग्रॅम आणि वर हा परिणाम स्पष्ट असतो. अर्धशिशीला बहुधा १०० पर्यंतच देतात, पण त्यावर विसंबू नये, कारण याच औषधावर गर्भ राहिला तर बाळाचा ओठ किंवा टाळू फाटलेला असण्याचा धोका वाढतो. मी तांबी बसवून घेतली. अंतराचं इंजेक्शनही या औषधासोबत चालतं.

याच कामासाठी आणि फिटसाठी देतात त्या व्हॅल्प्रोएटचं थोडं वेगळं. ते माला-एनचं बळ कमी करत नाही, पण गर्भाला फार घातक आहे, बाळाच्या मणक्यात दोष राहू शकतो. मूल होण्याच्या वयात ते अर्धशिशीसाठी लिहून दिलं असेल तर डॉक्टरांना पुन्हा विचारा, दुसरं औषध मिळू शकतं. यातलं कोणतंही औषध मनानं एकदम बंद करू नका, फिटचा आजार असेल तर मुळीच नाही. डोकं उठू नये म्हणून देतात त्या प्रोप्रानोलॉल आणि अमिट्रिप्टिलिननं पाळणा लांबवायच्या गोळीला धक्का लागत नाही. दमा असेल तर प्रोप्रानोलॉल नको.

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेननंही गोळीचं बळ कमी होत नाही. पाहायचं ते दिवसांकडं. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस या गोळ्या लागत असतील तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत राहू शकतं. अर्गोटामाइन किंवा कॅफिन घातलेल्या मिश्र गोळ्यांसाठी ही मर्यादा १० दिवस. अर्गोटामाइन रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून माला-एनसोबत ते मला अजिबात पटत नाही. पाकिटावरची बारीक अक्षरं मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या.

बायांना न सुचणारी गोष्ट म्हणजे उलटी. अर्धशिशीत ती बऱ्याच जणींना होते. पाळणा लांबवायची गोळी गिळल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली, तर ती पोटात गेलीच नाही असं धरा आणि दुसरी घ्या. मी रात्री जेवणानंतरची वेळ सांगते, कारण डोकं बहुधा दुपारी उठतं.

कोणाचं डोकं नेमकं माला-एनच्या पाकिटातल्या शेवटच्या, लोहाच्या सात गोळ्यांच्या आठवड्यात उठतं. इस्ट्रोजेन एकदम तुटतं, त्याचं ते दुखणं. कॅलेंडरवर फुली मारून आणली की लगेच दिसतं.

सासू सोबत असेल आणि पाकिटं दाखवता येत नसतील, तर फक्त म्हणा, "सिस्टर, आतमध्ये बीपी पाहून द्या." मी पडदा ओढून घेते.