मागचं दार मोजलंत का?

यंदा चार नाटकं धरली आहेत. दोन विनोदी, दोन गंभीर. बडोद्यातल्या आपल्या एवढ्याशा मंडळाला हे जरा जास्तच होतंय, पण ठरलंय ते ठरलंय. गेल्या वर्षी व्यवस्था माझ्याकडे होती आणि मी काय घोळ घातला ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून या वेळी जो कोणी व्यवस्था बघणार असेल त्याने आधी हे वाचावं, मग सुताराला फोन करावा. त्याआधी अजिबात नाही.

तारखांपासून सुरुवात. नवरात्रात नाटक लावायचं नाही हे इथे जन्मलेल्याला सांगायला नको. प्रेक्षक तर सोडाच, त्या नऊ रात्री साउंडवालाही मिळत नाही, सगळे गरब्याला बुक असतात. ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन म्हणून उद्घाटनाचा मोह दरवर्षी होतो, पण आधी पंचांग बघा, दिवाळी त्याच्या आगेमागेच येते आणि फराळ सोडून कोणी तालमीला येत नाही. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. आपला खरा काळ म्हणजे कमुरता. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, गुजराती घरांत लग्नं नसतात, टेम्पो मोकळे, मांडववाले मोकळे, आणि परदेशातली मुलंबाळं घरी आलेली असतात. दोन्ही विनोदी नाटकं तिथेच टाका. १४ आणि १५ जानेवारी मात्र सोडा, अख्खं गाव गच्चीवर असतं. गंभीर नाटकं फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात उरका, पुढे बोर्डाच्या परीक्षा आल्या की आईबाप घराबाहेर पडत नाहीत.

हॉल. अकोटा भागातलं मोठं सयाजीराव नगरगृह सगळ्यांनाच हवं असतं, पण आपली तीनशे माणसं तिथे विखरून बसतात आणि विखरलेला प्रेक्षक हसत नाही. शेजारचा हसला की माणूस हसतो. विनोदी नाटकाला लहान हॉल बघा. गंभीर नाटकाच्या हॉलमध्ये पंखे किती कुरकुरतात ते पंखे लावून ऐका, नुसतं बघून येऊ नका.

आणि हॉल बघायला गेलात की मागचं दार मोजा. सामान आत घ्यायचं दार. रुंदी आणि उंची, दोन्ही.

आता लेखकाची परवानगी. फोनवरचं ‘करा हो, आपलंच आहे’ चालत नाही, पत्र हवं, त्यात प्रयोग किती ते लिहिलेलं हवं. लेखक हयात नसेल तर वारसांना विचारायचं. निधनाला साठ वर्षं उलटून गेली असतील तरच हक्क मोकळे होतात. संहितेत काटछाट करणार असाल, किंवा कोणाला मधेच सेव-उसळीवरचे विनोद घुसवायची हौस असेल, तर तेही आधीच विचारा. मध्यंतरात सिनेमाची गाणी वाजवायची असतील तर त्यांचाही परवाना वेगळा लागतो. तबला-पेटी बरी.

पात्रनिवड, पाठांतर, यावर मी लिहीत नाही, त्यासाठी दिग्दर्शक आहेत. एवढंच म्हणते की विनोदी नाटकाची तालीम खऱ्या दाराशिवाय करू नका. हवेत दार उघडायची सवय लागलेला नट रंगमंचावर खऱ्या कडीशी अर्धा सेकंद झटापट करतो आणि तेवढ्यात हशा जातो.

आता ते दार. गेल्या वर्षीच्या फार्समध्ये सगळा खेळ दोन दारांचा होता. एकातून नवरा गेला की दुसऱ्यातून सासरा. त्याच्या आदल्या वर्षी नायकाने दार आपटलं तेव्हा सगळी भिंत हलली आणि त्यावरचं कॅलेंडर पडलं होतं, म्हणून गेल्या वर्षी मीच हट्टाने दोन्ही चौकटी लोखंडी अँगलमध्ये वेल्ड करून घेतल्या. खाली लेव्हल, म्हणजे चौथरा, पायऱ्यांसकट. आठ फूट रुंद, सात फूट उंच, तीन फूट खोल. सुतारकाका म्हणाले, ‘ताई, नटबोल्ट लावू का?’ मी म्हटलं, नको, हलेल. छोट्या हाथीत, म्हणजे लहान टेम्पोत, अर्धं बाहेर लोंबत ते धूड हॉलच्या मागे आलं दुपारी तीनला. मागचं दार साडेसहा फूट उंच. उभं घालून बघितलं, आडवं घालून बघितलं, तिरकं घालताना एकाचं बोट चेमटलं. अडलं सहा इंचांवर. मी वॉचमनला फोनवर विचारलं होतं, तो म्हणाला होता, ‘बारणुं मोटुं छे, बेन.’ मोठं म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. त्याची काय चूक?

प्रयोग काळ्या पडद्यांवर झाला. नायकाचं वाक्य होतं, ‘हे दार आता तुमच्यासाठी कायमचं बंद!’ आणि त्याने पडदा सरकवला. सुर्र. प्रेक्षक हसले, पण आमच्यावर. आणि ते लोखंड रात्रभर बाहेर दवात उभं होतं.

तर, मागचं दार स्वतः जाऊन, स्वतःच्या टेपने मोजायचं. फोनवर विचारायचं नाही. दारापुढचं वळण मोजायचं, कारण दारातून आलेली वस्तू पुढच्या बोळात वळतेच असं नाही. पायऱ्या आहेत की उतार, ते बघायचं. टेम्पोचा हौदासुद्धा मोजायचा. सगळे आकडे कागदावर लिहून तो कागद सुतारकाकांच्या हातात द्यायचा, आणि काही झालं तरी वेल्डिंग नाही. नटबोल्ट. हलू दे थोडं. चार नाटकं म्हणजे चार नेपथ्यं, आणि हॉल दोन असतील तर दारंही दोन. दोन्ही मोजायची.

नेपथ्याचा खर्च वाचवायचा तर तेच फ्लॅट्स, म्हणजे नेपथ्याच्या भिंती, रंग बदलून दोन नाटकांना वापरा. रंग रात्री लावून सकाळी वाळत नाही, निदान पावसाळी हवेत तरी.

प्रकाशयोजनेला हॉलचे दिवे किती चालू आहेत ते मोजा, यादीत किती आहेत ते नको. रंगीत तालीम हॉलवरच, पैसे लागले तरी. रंगभूषाकार वेळेवर. प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंची, पेटी एकाच माणसाकडे. तिकिटं, चहा, हारतुरे, पाहुण्यांचं भाषण तीन मिनिटं, हे सगळं दरवर्षीचंच. तिसरी घंटा वेळेवर द्या, अध्यक्षांचे पाहुणे आले नसले तरी.

सुतारकाका पुढच्या सोमवारी येणार आहेत. त्याच्या आत हॉलवर कोण जातंय ते मला कळवा. पाच मीटरची टेप माझ्याकडे आहे, घेऊन जा.