इंग्रजी शब्द वाक्यातून शिकताना: मराठी माध्यमातल्या मुलामुलींसाठी

एसएससी सीजीएल (केंद्र सरकारची पदवीधरांसाठीची भरती), सीडीएस (सैन्यदलातल्या अधिकाऱ्यांची भरती) किंवा बँकेच्या परीक्षेची तयारी सुरू केली की बहुतेक जण सगळ्यात आधी शब्दांची यादी मिळवतात. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला एक मराठी अर्थ, अशी पानंच्या पानं. अभ्यासिकेत नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगतो की ती यादी आधी बाजूला ठेवा. मेहनतीचा प्रश्न नाही, मेहनत तुम्ही करालच. पण एका शब्दाला एक अर्थ हा समज यादीने इतका पक्का होतो की पुढे तो मोडायला फार त्रास होतो. आणि प्रश्न काढणारा नेमका त्याच समजावर प्रश्न काढतो.

माझं शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत झालं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. आमची तुकडी त्याआधीची, म्हणजे एबीसीडी पाचवीत. घरी, गल्लीत, एसटीत कुठेही इंग्रजी कानावर पडत नव्हतं. ज्यांच्या कानावर ते लहानपणापासून पडतं त्यांना शब्दाचा स्वभाव आपोआप कळतो: तो कौतुकाचा की टीकेचा, माणसाला लावायचा की वस्तूला, सौम्य की जहाल. आपल्याला ही माहिती मुद्दाम गोळा करावी लागते, आणि ती यादीत नसते, वाक्यात असते. पुढे लिहिलेलं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

एक सूचना आधीच देतो. इथे इंग्रजी शब्द मी देवनागरीत लिहितोय, पण तुमच्या वहीत ते रोमन लिपीत, स्पेलिंगसकट लिहा. एसएससीला स्पेलिंगवरही प्रश्न येतात.

आता उदाहरण घेऊ. ‘मिटिगेट’ म्हणजे कमी करणे, सौम्य करणे. समानार्थी शब्द म्हणून यादीत अलिव्हिएट, अले, ॲमेलिओरेट हे ओळीने दिलेले असतात. चारही शब्द पाठ झाले तरी वापरायचे कुठे ते कळत नाही. त्यावर मला सापडलेला उपाय आपल्याच व्याकरणातला आहे. क्रियापद आलं की त्याचं कर्म सोबत लिहायचं. मिटिगेट काय करतात? धोका, परिणाम, नुकसान. अलिव्हिएट काय करतात? वेदना, दारिद्र्य, हाल. अले करतात ती भीती किंवा शंका. ॲमेलिओरेट करतात ती परिस्थिती. मराठीतही आपण हेच करतो. भीती शमवतो, वेदना हलकी करतो, परिणाम सौम्य करतो, परिस्थिती सुधारतो. ‘परिस्थिती शमवली’ असं कोणी म्हणत नाही, आणि ते का चुकतं हे कुणाला शिकवावंही लागत नाही. इंग्रजी शब्दाला त्याचं कर्म चिकटवून ठेवलं की तसाच कान हळूहळू इंग्रजीसाठीही तयार होतो.

विशेषणांचंही तसंच. आपली झोप गाढ, ऊन कडक, पाऊस मुसळधार. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो, ‘स्ट्राँग’ नसतो. वारा मात्र ‘स्ट्राँग’ असतो. म्हणून विशेषण त्याच्या नामासह लिहायचं. एकटा शब्द वहीत येऊच द्यायचा नाही.

समानार्थी शब्दांत दुसरी गोष्ट बघायची ती बोलणाऱ्याचा सूर. फ्रूगल, थ्रिफ्टी, पार्सिमोनियस, स्टिंजी, मायझर्ली हे सगळे पैसे जपून खर्च करणाऱ्याबद्दलचे शब्द. पण आजीला काटकसरी म्हणणं आणि चिक्कू म्हणणं यात जो फरक, तोच इथे आहे. फ्रूगल आणि थ्रिफ्टी हे कौतुकाकडे झुकतात. पार्सिमोनियसमध्ये टीका आहे, स्टिंजी उघड टीका आहे आणि मायझर्ली म्हणजे थेट कवडीचुंबक. वहीत अशा शब्दांपुढे मी अधिक किंवा उणे चिन्ह करतो, फारच जहाल असेल तर दोन उणे. ही चिन्हं फार कामाला येतात. पूर्ण अर्थ आठवला नाही तरी शब्द चांगल्या बाजूचा की वाईट बाजूचा एवढं आठवतं, आणि चारांतले दोन पर्याय तिथेच गळतात.

विरुद्धार्थी शब्दांकडे बहुतेक जण शेवटी वळतात. माझ्या मते शिकण्याचं सगळ्यात चांगलं साधन तेच आहे. वरच्याच शब्दांचे विरुद्धार्थी बघा. फ्रूगलच्या विरुद्ध काय? एक्स्ट्रॅव्हगंट, म्हणजे उधळ्या. स्टिंजीच्या विरुद्ध काय? जनरस, म्हणजे उदार, सढळ हाताचा. आता हे दोन शब्द अदलाबदल करून पाहा. फ्रूगलच्या विरुद्ध जनरस चालेल का? नाही, कारण काटकसरी माणूस उदारही असू शकतो. स्वतःवर बेताने खर्च करून गावच्या शाळेला देणगी देणारे लोक आपण पाहिलेले असतात. म्हणजे फ्रूगल हा शब्द खर्चाच्या सवयीबद्दल आहे आणि स्टिंजी हा देण्याच्या वृत्तीबद्दल. समानार्थी म्हणून शेजारी बसलेले दोन शब्द वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते, हे विरुद्धार्थी शोधायला गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून समानार्थी शब्द लिहिला की लगेच विचारायचं: याच्या विरुद्ध कोण? दोघांचा विरुद्धार्थी एकच निघाला तर ते खरे जवळचे. वेगळा निघाला तर फरक कुठे आहे ते तुमच्या हाती लागलं.

याच कसोटीवर अलेचा विरुद्धार्थी अराउज निघतो, म्हणजे भीती किंवा संशय जागवणे. अलिव्हिएटचा निघतो ॲग्रॅव्हेट किंवा एक्झॅसरबेट, म्हणजे त्रास वाढवणे.

उपसर्गावरून विरुद्धार्थी ओळखण्याची सवय मात्र जपून वापरा. ‘इन’ लागला की उलट अर्थ, हे बऱ्याचदा खरं असतं. पण इनव्हॅल्युएबल म्हणजे अमूल्य, बिनकिमती नव्हे. फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल दोन्ही ज्वालाग्राही. डिसइंटरेस्टेड म्हणजे निःपक्षपाती, ज्याचा त्यात स्वार्थ नाही असा, आणि अनइंटरेस्टेड म्हणजे ज्याला रस नाही असा. न्यायाधीश पहिला हवा, दुसरा नको. नोटोरियस हा शब्द आपल्याकडे सर्रास ‘प्रसिद्ध’ म्हणून वापरतात. तो कुप्रसिद्ध आहे.

काही शब्द स्वतःच दोन तोंडांचे असतात आणि वाक्याशिवाय त्यांचा अर्थ ठरतच नाही. सँक्शन घ्या. बँकेने कर्ज सँक्शन केलं म्हणजे मंजूर केलं. एखाद्या देशावर सँक्शन्स लादली म्हणजे निर्बंध घातले. ओव्हरसाइट म्हणजे देखरेख आणि ओव्हरसाइट म्हणजे नजरचूकही. ‘क्वालिफाइड सपोर्ट’ म्हणजे पात्र पाठिंबा नव्हे, अटी घालून दिलेला पाठिंबा. ‘टेबल’ हे क्रियापद ब्रिटिश आणि भारतीय इंग्रजीत ‘सभागृहाच्या पटलावर ठेवणे’ या अर्थाने येतं, तर अमेरिकेत त्याचा अर्थ ‘चर्चा पुढे ढकलणे’ असा होतो. सीडीएसच्या इंग्रजी पेपरात वाक्य देऊन त्यातला एक शब्द अधोरेखित केलेला असतो आणि त्याचा समानार्थी किंवा विरुद्धार्थी विचारतात. तिथे अधोरेखित शब्दाकडे बघून उत्तर देण्याचा मोह होतो. आधी पूर्ण वाक्य वाचा. पेपर दोन तासांचा, प्रश्न १२०, तरीही वाक्य वाचायला वेळ पुरतो. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात, हेही लक्षात असू द्या.

संदर्भावरून अर्थ काढणं ही सवय लागते, आणि ती लावायची जागा म्हणजे वर्तमानपत्र. अग्रलेख वाचताना अनोळखी शब्द आला की लगेच मोबाइल उघडू नका. त्या शब्दावर बोट ठेवून तो झाका आणि रिकाम्या जागेत मराठी शब्द भरा. मग तीन गोष्टी ठरवा: तो नाम आहे, क्रियापद आहे की विशेषण, चांगल्या बाजूचा आहे की वाईट, सौम्य आहे की तीव्र. वाक्यातले जोडशब्द इथे मदत करतात. ऑलदो, डिस्पाइट, यट दिसले की वाक्याची दोन टोकं एकमेकांच्या विरुद्ध असणार. एक वाक्य घेऊ: ‘ऑलदो द कलेक्टर ट्राइड टु प्लेकेट द फार्मर्स, हिज रिमार्क्स ओन्ली इन्सेन्स्ड देम.’ प्लेकेट माहीत नाही, इन्सेन्स्डही माहीत नाही, असं समजा. ऑलदो आणि ओन्ली सांगतात की करायला गेले एक आणि झालं भलतंच. कलेक्टर शेतकऱ्यांसाठी काय करायचा प्रयत्न करतील? समजूत काढण्याचा. मग उलट काय झालं? ते आणखी चिडले. दोन्ही अर्थ मिळाले, आणि दोन्ही शब्द एकमेकांचे विरुद्धार्थी म्हणून एकाच ओळीत वहीत गेले. आता शब्दकोश उघडा आणि आपला अंदाज ताडून पाहा. शब्दकोश इंग्रजी-इंग्रजी, विद्यार्थ्यांसाठी केलेला, प्रत्येक अर्थाला उदाहरणाचं वाक्य देणारा हवा.

थिसॉरसचा, म्हणजे जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र देणाऱ्या कोशाचा, उपयोग इथे मर्यादित आहे. पीटर मार्क रॉजे या ब्रिटिश डॉक्टरने १८५२ साली प्रसिद्ध केलेला थिसॉरस कल्पनांनुसार लावलेला होता. ज्याला शब्द आधीच माहीत आहेत पण ऐन वेळी सुचत नाहीत, अशा लिहिणाऱ्याच्या तो कामाचा. शिकणाऱ्याला त्यातून शब्द भरपूर मिळतात, त्यांच्यातला फरक मिळत नाही.

अग्रलेख जड वाटत असतील तर मी एक सोपी वाट सुचवतो. पावसाच्या बातम्या इंग्रजीत वाचा. विषय आपल्याला जन्मापासून माहीत असतो, त्यामुळे अंदाज चुकत नाहीत. शिवाय हवामान विभागाने काही शब्दांना चक्क आकडे ठरवून दिले आहेत. सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त पाऊस म्हणजे नॉर्मल. २० ते ५९ टक्के कमी म्हणजे डेफिशियंट. ६० ते ९९ टक्के कमी म्हणजे लार्ज डेफिशियंट, आणि याच पट्ट्याला पूर्वी स्कँटी म्हणत. यादीत डेफिशियंट आणि स्कँटी समानार्थी म्हणून शेजारी असतात. इथे त्यांच्यातली पायरी डोळ्यांना दिसते. दुष्काळी तालुक्यातल्या मुलाला ती पायरी समजावून सांगावी लागत नाही. पुराच्या बातम्यांतही असंच भांडार असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हाच्या इंग्रजी बातम्या आजही शोधून वाचता येतात. गावं इनन्डेट झाली म्हणजे पाण्याखाली गेली, माणसं मरून्ड झाली म्हणजे पाण्याने वेढली गेली. पाऊस अबेट होतो आणि पुराचं पाणी रिसीड होतं, म्हणजे एकाचा जोर ओसरतो आणि दुसरं मागे हटतं. पावसाचा जोर वाढला तर इन्टेन्सिफाय.

पावसाळा संपला की कोर्टाच्या बातम्या घ्या. अपहोल्ड म्हणजे निकाल कायम ठेवणे, क्वॅश किंवा सेट असाइड म्हणजे रद्द करणे. निकालाच्या बातमीत हे शब्द वारंवार येतात.

उजळणीबद्दल थोडक्यात. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने विसरण्याचा अभ्यास स्वतःवर केला आणि तो १८८५ साली प्रसिद्ध केला. पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांत आणि दिवसांत सगळ्यात वेगाने विसरलं जातं आणि नंतर तो वेग कमी होतो, हे त्यातून पुढे आलं. त्याने मुद्दाम निरर्थक अक्षरजुळण्या वापरल्या होत्या. वाक्याविना पाठ केलेली शब्दांची यादी त्यांच्या फार जवळ जाते, असं मला वाटतं. म्हणून रोज मोजकेच शब्द घ्या आणि ते दुसऱ्या दिवशी, तीन-चार दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा बघा. बघताना शब्द झाका, वाक्य उघडं ठेवा आणि रिकामी जागा आठवून भरा. क्लोज टेस्टची, म्हणजे उताऱ्यातल्या रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नाची, तयारीही यातच होऊन जाते.

एसएससी सीजीएलच्या सध्याच्या टियर १ मध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यात, इंग्रजीचे २५ प्रश्न ५० गुणांना आहेत आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण जातो. विरुद्धार्थी विचारलेल्या प्रश्नात समानार्थी शब्दही बऱ्याचदा पर्याय म्हणून पेरलेला असतो. घाईत तोच आधी नजरेत भरतो, कारण तोच सगळ्यात ओळखीचा असतो. अँटोनिम हा शब्द वाचला की कच्च्या कागदावर उणे चिन्ह काढायची सवय सरावापासूनच लावा.

परदेशी शिक्षणासाठी जीआरई देणाऱ्यांनाही हाच अभ्यास उपयोगी पडतो, थोड्या फरकाने. ऑगस्ट २०११ पासून जीआरईमध्ये सुटे विरुद्धार्थी शब्द विचारत नाहीत. त्याऐवजी एका रिकाम्या जागेसाठी सहा पर्यायांतून दोन निवडायचे असतात, असे की त्यांतला कोणताही भरला तरी वाक्याचा अर्थ सारखाच व्हावा. दोन्ही बरोबर आले तरच गुण. पर्यायांत एखादी समानार्थी जोडी अशीही असू शकते जी त्या वाक्यात बसतच नाही. त्यामुळे आधी वाक्य, मग जोडी.

बँकेच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा लेखी उत्तरांचा पेपर लिहिणाऱ्यांनी वहीतले जड शब्द तिथे ओतू नयेत. ज्या शब्दाची सोबतची नामं तुम्हाला न आठवता सुचतात, तेवढेच वापरा. बाकीचे वाचताना ओळखता आले तरी पुरे.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नवीन शब्द बंद करा. वहीतली वाक्यं मोठ्याने वाचा आणि ज्या पानांवर दोन उणे चिन्हं आहेत ती जास्त वेळा वाचा. अभ्यासिकेत मोठ्याने वाचता येत नसेल तर बाहेर पायरीवर बसा, सोबत एखादा मित्र किंवा मैत्रीण घ्या. एकाने शब्द गाळून वाक्य वाचायचं, दुसऱ्याने शब्द आणि त्याचा विरुद्धार्थी सांगायचा.