बुद्धिबळाचं इंजिन लिहिताय? या चुका टाळा

इंजिन म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम. तो लिहिणाऱ्या नवशिक्यांचा कोड उघडला की पहिली चूक बहुतेक वेळा हीच सापडते: ‘वाईट दिसणाऱ्या’ चाली तपासण्याआधीच फेकून दिलेल्या. वेग वाढतो, पोरं खूश होतात. पण हा रस्ता एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी साठ वर्षांपूर्वीच चालून पाहिलाय.

ॲलन कोटोक आणि त्याच्या सोबत्यांनी संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थींच्या मार्गदर्शनाखाली आयबीएम ७०९० या संगणकावर बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिला. कोटोकचा १९६२चा पदवी प्रबंध त्यावरच आहे. यंत्र संथ, म्हणून पहिल्या पातळीवर निवडक चार चाली, पुढे तीन, मग दोन. त्यांचा नाइलाज होता, तुमचा नाही. १९६६-६७ मध्ये मॅकार्थींनी स्टॅनफर्डहून हा प्रोग्रॅम मॉस्कोच्या आयटीईपी या भौतिकशास्त्र संस्थेच्या प्रोग्रॅमशी खेळवला, तारेने चाली कळवून. मॉस्कोवाला ठरावीक खोलीपर्यंत, म्हणजे ठरावीक चाली पुढपर्यंत, प्रत्येक चाल बघायचा. तो ३-१ ने जिंकला. सुरुवातीलाच गाळलेली चाल चांगली होती हे प्रोग्रॅमला कळणार तरी कसं? खोली कितीही वाढवा, ती चाल परत येत नाही.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात स्लेट आणि ॲटकिन यांनीही आपल्या ‘चेस’ या प्रोग्रॅममध्ये आधी निवडक चालीच तपासल्या. १९७३ मध्ये मात्र ‘चेस ४.०’ नव्याने लिहिताना सगळ्या चाली घेतल्या. त्याच मालिकेतला ४.६ हा १९७७ साली टोरोंटोत संगणक बुद्धिबळाचा जगज्जेता झाला. म्हणून आधी अल्फा-बीटा ही शोधाची पद्धत नीट लिहा. ती छाटते, पण निकाल बदलू न देता. मारामारीच्या चाली आधी तपासल्या की ती कितीतरी वेगाने चालते. आजची तगडी इंजिनं धाडसी छाटणी करतात हे खरं. पण हजारो डावांत मोजून. तुम्ही मोजलंय का?

दुसरी चूक म्हणजे चाली निर्माण करणारा भाग न तपासताच पुढे पळणं. पर्फ्ट म्हणजे ठरावीक खोलीपर्यंत चालींचे किती क्रम होतात त्याची मोजणी. मी पर्फ्टचे आकडे जुळेपर्यंत मूल्यमापनाची, म्हणजे डावात कोण वरचढ हे ठरवणाऱ्या भागाची, एक ओळ लिहू देत नाही. सुरुवातीच्या पटावरून खोली एक ते पाचसाठी २०, ४००, ८९०२, १९७२८१, ४८६५६०९. एकाचाही फरक पडला तर आधी एन पासान्त (दोन घरं उडी मारलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने मारणं) बघा. नुसत्या सुरुवातीच्या पटावर थांबू नका; कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल) आणि प्याद्याच्या बढतीमधले दोष तिथून उथळ खोलीवर दिसतच नाहीत.

मारामारीच्या मध्येच शोध थांबवू नका. वजिराने प्यादं मारलेलं दिसतं, वजीर जाताना दिसत नाही.

झोब्रिस्ट हॅशमध्ये, म्हणजे पटाची स्थिती ओळखणाऱ्या आकड्यात, चाल कोणाची आणि कॅसलिंगचे हक्क घालाच.

आणि दुसऱ्याचा तयार कोड चिकटवू नका. टाइप करा, ओळ कळेपर्यंत.