युरोपात संशोधनाला येताय? तिकीट काढण्याआधी तारखा मांडा

दोन वर्षांपूर्वी सोलापूरच्या एका मुलीचा फोन आला, आवाज रडवेला. नेदरलँड्समध्ये ती वर्षभराच्या स्टायपेंडवर (विद्यावेतनावर) आली होती. काम छान जमलं, मुक्काम थोडा वाढला आणि प्राध्यापक म्हणाले, माझ्याकडेच युरोपियन संघाच्या मारी क्युरी फेलोशिपला अर्ज कर. अर्ज जवळजवळ लिहून झाला तेव्हा तिने नियम नीट वाचला. अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीच्या 36 महिन्यांत त्या देशात 12 महिन्यांहून जास्त वास्तव्य झालेलं चालत नाही. ती जुलैत आली होती, मुदत पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात. म्हणजे 14 महिने. तीच मुलगी नोव्हेंबरात आली असती, तर अर्ज बसला असता.

संशोधकांनी देश बदलावा म्हणूनच हा पैसा आहे, त्यामुळे ही अट हटत नाही. पण ती ज्या देशात जायचं त्या देशापुरती असते, आपल्या विषयाला लागत नाही. तिने तोच विषय व्हिएन्नाच्या एका प्रयोगशाळेकडे नेला. आज ती तिथे आहे.

मी जर्मनीत गटिंगनमध्ये अकरा वर्षं आहे, मधली तीन बेल्जियममध्ये लूवेनला गेली. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: एक वही करा. पीएच.डी. मिळाल्याची तारीख (मारी क्युरीच्या पोस्टडॉकला, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या फेलोशिपला, तिथून 8 वर्षांची मर्यादा), प्रत्येक देशात उतरल्याची तारीख, प्रत्येक कराराची सुरुवात आणि शेवट. जर्मनीत तर वेगळा हिशेब असतो. विद्यापीठातल्या तात्पुरत्या नेमणुकांना कायद्याने साधारण 6 वर्षं पीएच.डी.पूर्वी आणि 6 वर्षं नंतर अशी कमाल मर्यादा घातली आहे. तुमची किती संपली हे तुम्हालाच माहीत हवं.

ऑफर आली की आनंदाच्या भरात एक प्रश्न विसरू नका: हा पगाराच्या नोकरीचा करार आहे की स्टायपेंड? हातात पडणारी रक्कम सारखी दिसते, पण स्टायपेंडवर पेन्शन साचत नाही, बेकारी विमा नसतो, आरोग्य विमाही बहुधा स्वतः बघावा लागतो. जर्मनीत 30 महिन्यांत 12 महिने वर्गणी भरलेली असेल तरच बेकारी भत्ता मिळतो, आणि ती वर्गणी पगारातूनच जाते. म्हणून पर्याय असेल तर मी करारच घ्या म्हणेन, पैसे थोडे कमी मिळाले तरी.

जर्मनीतल्या कराराबरोबर जाडजूड पाकीट येतं. त्यात व्हीबीएल नावाच्या पूरक पेन्शनबद्दल दोन पानं असतात. तिथे पेन्शन पक्की व्हायला 60 महिने भरावे लागतात, आणि आपण तर दोन-तीन वर्षांसाठी आलेले. तात्पुरत्या करारावरच्या संशोधकाला पहिल्या दोन महिन्यांत अर्ज करून दुसरी योजना निवडता येते, जिच्यात ही अट नाही. मी ते पाकीट घर लावण्याच्या गडबडीत पलंगाखाली सारलं. चौथ्या महिन्यात उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता. तुम्ही पहिल्याच रविवारी उघडा.

आता नावाचं. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये आपलं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, पदवीवर आडनाव आधी येतं, लग्नानंतर तिसरंच नाव. भाडेकरार, बँक, पत्ता नोंदणी सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव द्या, आणि खालच्या टपालपेटीवर तेच चिकटवा. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि त्यातलं एखादं पत्र कर क्रमांकाचं असतं. जर्मनीत पत्त्याची नोंदणी राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, तिला घरमालकाची सही लागते. ही सही मिळेल का, हे घर ठरवतानाच विचारा. आणि अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) केलं म्हणजे झालं असं समजू नका, भारतातलं अपोस्टील जर्मनी मानत नाही.

जोडीदार येणार असेल तर चांगली बातमी आहे. जर्मनीत संशोधक व्हिसावाल्यांच्या जोडीदाराला जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि नोकरीही करता येते. मात्र विवाह नोंदणी दाखला घेऊनच निघा.

युरोपियन संघाचा 2016 चा संशोधक निर्देश (सदस्य देशांसाठीचा सामाईक नियम) हाही वाचून ठेवा. यजमान संस्थेशी झालेला 'होस्टिंग अ‍ॅग्रीमेंट' हा तुमचा मुख्य कागद. त्यावर मिळालेल्या परवान्याने दुसऱ्या सदस्य देशात 360 दिवसांत 180 दिवसांपर्यंत संशोधन करता येतं, मात्र काही देश आधी कळवायला लावतात. संशोधन संपल्यावर नोकरी शोधायला किमान 9 महिने राहता येतं. डेन्मार्क आणि आयर्लंड या निर्देशात नाहीत, तिथले नियम वेगळे शोधा. अडलं तर युराक्सेसकडे, म्हणजे संशोधकांना मदत करणाऱ्या युरोपियन जाळ्याकडे, विचारा. चाळीसहून अधिक देशांत त्यांची केंद्रं आहेत आणि मदत फुकट असते. लूवेनला जाताना मी तिथल्या केंद्राला दोन मेल केले, तेवढ्यात आरोग्य विम्याचा घोळ सुटला.

एक देश सोडून दुसऱ्यात जाताना मात्र शेवटच्या आठवड्यात कचेऱ्यांत फेऱ्या माराच. बेकारी विम्याच्या कालावधीचा यू-1 फॉर्म मागून घ्या, पेन्शनच्या वर्गणीचा उतारा घ्या, नोंदणी रद्द केल्याचा कागद घ्या. लूवेनहून परतल्यावर हे सगळे एका फाइलीत होते म्हणूनच माझी तिथली तीन वर्षं इथल्या पेन्शनच्या हिशेबात धरली गेली.