पुलाची पाहणी करताना या चुका टाळा

मे महिना आला की आपल्याकडे पुलांच्या पाहणीची धावपळ सुरू होते. गाडी पुलावर थांबते, कठड्याचे चार फोटो निघतात, खड्डे मोजले जातात आणि रजिस्टरमध्ये ‘स्थिती समाधानकारक’ असा शेरा पडतो. सातारा-सांगलीत कृष्णा, कोयना, वारणा, येरळा यांच्यावरच्या पुलांवरून शाळेची मुलं जातात, दुधाच्या गाड्या जातात, हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर जातात. त्यांच्या जिवाला एवढी पाहणी पुरत नाही. पुलाचं दुखणं बहुतेक वेळा खाली असतं आणि ते बघायला नदीत उतरावंच लागतं.

पाया न तपासणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पुराचं पाणी खांबावर आदळून भोवरा धरतं आणि खांबाच्या बुडाची माती-वाळू उपसून नेतं. जगभरात नदीवरचे पूल पडण्यामागे हे मोठं कारण आहे. फसगत होते ती पुढे. खड्डा सगळ्यात खोल असतो तो पूर भरात असताना, आणि पाणी ओसरताना त्याच खड्ड्यात गाळ बसतो. ऑक्टोबरमध्ये जाऊन बघावं तर खांबाभोवती पात्र सपाट, काही झालंच नाही असं वाटणारं. पण हा ताजा गाळ भुसभुशीत असतो, त्याच्या भरवशावर खांब सोडता येत नाही.

म्हणून प्रत्येक खांबाजवळ, विशेषतः पाणी येतं त्या अंगाला, लोखंडी सळई खुपसून बघा. एका जागी ती टणक थरावर अडते आणि दोन पावलांवर हातभर सहज आत जाते, तर तिथे खड्डा पडून भरला आहे असंच धरून चाला. पाणी खोल असेल तर होडीतून खोली मोजा, पाणबुड्याला उतरवा. ही मापं मूळ नकाशातल्या पायाच्या पातळीशी आणि गेल्या वर्षीच्या नोंदीशी ताडून बघितल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. नकाशा सापडत नसेल, तर पाया किती खोल आहे हे शोधणं हे पाहणीतलं पहिलं काम.

सांगलीत १९२९ च्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ मध्ये कृष्णा तिथे ५७ फुटांच्या वर गेली होती. एवढ्या पुरानंतर नुसता गाळ धुऊन वाहतूक चालू करणं धोक्याचं आहे. पावसाळ्यापूर्वीची पाहणी होते, नंतरची राहून जाते. खरं तर पुराने काय नेलं हे नंतरच कळतं. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणाऱ्या सावित्रीने २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून नेला, त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. हे कुणीही विसरू नये.

येरळा, माणगंगेसारख्या बहुतेक वर्ष कोरड्या असणाऱ्या नद्यांत धोका वेगळा. तिथे पुलाजवळचा वाळूउपसा पाया उघडा पाडतो. हे गावालाच आधी दिसतं, तेव्हा लेखी तक्रार गावानेच करावी.

पाण्याच्या वाटा बुजू देणं

पुलावरचं पाणी खाली सोडणारे पाइप डांबराने किंवा मातीने बुजतात. मग पाणी सांध्यातून, म्हणजे पुलाच्या दोन भागांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या फटीतून, झिरपतं. सांध्यात माती, उसाचं पाचट, प्लास्टिक अडकलेलं असतं, त्यामुळे उन्हाने फुगणाऱ्या पुलाला हलायला जागा उरत नाही. खाली जाऊन खांबाच्या माथ्यावर बॅटरी मारा. पांढरे ओघळ दिसतात, तपकिरी डाग दिसतात आणि बेअरिंग, म्हणजे खांबाच्या माथ्यावर पुलाचा भार पेलणारी बैठक, ओल्या मातीत निम्मं गाडलेलं असतं. अशा जागी हातोडी ठोकून बघा. चांगलं काँक्रीट खणखणतं, सुटलेलं बद्द वाजतं. आत सळई गंजून फुगली की वरचं काँक्रीट खपलीसारखं सुटतं.

त्यावर गिलावा मारून रंग देणं म्हणजे आजार झाकणं. सैल काँक्रीट पूर्ण काढा, सळईचा गंज घासा, किती सळई खाल्ली गेली ते मोजा आणि मगच दुरुस्तीचा प्रकार ठरवा.

डांबरावर डांबर

जुना थर न खरवडता नवा टाकायची सवय फार वाईट. हिशेब करून बघा: २० मीटर लांब, साडेसात मीटर रुंद गाळ्यावर (दोन खांबांमधल्या भागावर) ५० मिलिमीटरचा एक थर म्हणजे साधारण १७ टन. असे तीन थर चढले की पन्नास टनांचं ओझं कायमचं बसलं, उसाची ट्रॉली यायच्या आधीच.

दगडी पुलांना सिमेंट फासणं

चुन्यात बांधलेल्या कमानींच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, कडक सिमेंटने भरल्या की आतली ओल कोंडते आणि दगडाच्या कडा फुटतात. तिथे चुन्याचाच मसाला हवा. पिंपळाचं रोप नुसतं छाटलं तर मूळ आत जाड होत राहतं. ते लहान असतानाच मुळासकट काढा आणि ती दरज लगेच भरा.

तडा दिसला तर त्याच्या दोन्ही टोकांना खूण करून तारीख लिहा, रुंदी मोजा. वाढणारा तडा आणि जुना स्थिर तडा यांतला फरक एका भेटीत कळत नाही. कोयना परिसरात भूकंपाचा धक्का जाणवला, तर बेअरिंग जागेवरून सरकलं का, हेही त्याच आठवड्यात बघून घ्यावं.

पाया उघडा पडलेला किंवा बेअरिंग निसटलेलं दिसलं, तर अहवालाची वाट बघत बसू नका. नुसता ‘जड वाहनांस बंदी’चा फलक रात्रीच्या ट्रॅक्टरला अडवत नाही. दोन्ही तोंडांना जड वाहनं अडतील असे पक्के अडथळे उभारा, पर्यायी रस्ता कारखान्याला आणि एसटी आगाराला लेखी कळवा, आणि अभियंत्याची लेखी परवानगी हातात येईपर्यंत ते अडथळे कुणाच्याही सांगण्यावरून हलवू देऊ नका.