मूल एकटे परदेशी निघाले आहे? कागदपत्रांतील या चुका टाळा

सुट्टीत मुलाला आखातात नोकरी करणाऱ्या वडिलांकडे किंवा लंडनच्या मावशीकडे एकटे पाठवण्याची तयारी आता बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक घरांत होते. तिकीट निघते, व्हिसा येतो आणि संमतीपत्र मात्र आदल्या दिवशी आठवते.

मुलाचा पासपोर्ट काढताना आई-वडिलांनी अ‍ॅनेक्शर डी या संमतीच्या नमुन्यावर सह्या केल्या, म्हणजे प्रवासालाही संमती दिली, असे पुष्कळ पालक धरून चालतात. ते पत्र केवळ पासपोर्टपुरते असते. प्रवासासाठी स्वतंत्र संमतीपत्र करावे आणि त्यात मुलाचा पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा, तसेच तेथे सांभाळणाऱ्या व्यक्तीचे नाव, पत्ता व फोन लिहावा. कॅनडासाठी हे पत्र शक्यतो इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये असावे. अमेरिका नोटरी केलेल्या पत्राची सक्ती करत नाही, पण ते सोबत ठेवण्याची जोरदार शिफारस करते. सही दोघांचीही हवी. वडील परदेशी असतील, तर त्यांनी तेथील भारतीय दूतावासात सही साक्षांकित करून मूळ प्रत वेळेत पाठवावी.

आपल्या सीमाभागात खरी अडचण नावांची असते. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे चंदगड किंवा गडहिंग्लजला झाले की जन्मदाखला महाराष्ट्राचा आणि शाळेचे कागद कर्नाटकाचे होतात. एका कागदावर मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव पूर्ण असते, तर दुसऱ्यावर वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर. त्याहून अवघड म्हणजे दाखल्यावर आईचे माहेरचे नाव आणि तिच्या पासपोर्टवर सासरचे. मग संमतीपत्रावर सही करणारी बाई त्याच मुलाची आई आहे, हे परक्या अधिकाऱ्याने कशावरून ओळखावे? अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला जोडावा. जुना दाखला केवळ कन्नडमध्ये असल्यास त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. बेळगाव शहराचे नाव २०१४ मध्ये अधिकृतपणे बदलले असल्याने जन्मस्थळाचे इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांवर वेगळे दिसू शकते, तेही आधीच ताडून पाहावे.

ब्रिटनच्या व्हिसावर मूल एकटे येणार की कोणासोबत, याची नोंद असते. सोबतच्या व्यक्तीच्या नावाने व्हिसा घेऊन ऐनवेळी मुलाला एकटे पाठवल्यास तेथे प्रवेश नाकारला जाऊ शकतो. अर्ज भरतानाच हे ठरवणे अत्यंत गरजेचे आहे.

लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत साधारणपणे पाचच वर्षे असते, म्हणून तिकिटाआधी ती पाहावी. अनेक देश किमान सहा महिन्यांची शिल्लक मुदत मागतात.

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून थेट आंतरराष्ट्रीय विमान नसल्याने गोवा, मुंबई किंवा बेंगळुरू गाठावे लागते. एकट्या मुलाची सोय विमान कंपनीकडे आधी नोंदवावी लागते आणि विमान बदलावे लागणाऱ्या प्रवासात काही कंपन्या ती देत नाहीत, त्यामुळे तेथून पुढे शक्यतो थेट विमानच निवडावे. मुलाला उतरवून घेणाऱ्याचे नाव त्या अर्जात त्याच्या ओळखपत्रावर जसे आहे तसेच लिहावे, कारण नाव जुळले नाही तर कर्मचारी मूल त्याच्या ताब्यात देत नाहीत.