आजार वाढला की गोळी बाधली? डिमेन्शियात या चुका टाळा

घरात डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) रुग्ण आहे. रात्री आरडाओरडा, दार उघडून बाहेर निघणं, "सुनेने माझे पैसे घेतले" हा रोजचा आरोप. घरचे टेकीला येतात आणि चिठ्ठीवर क्वेटियापिन, रिस्पेरिडोन किंवा ओलान्झापिन असं शांत करणारं (अँटिसायकॉटिक) औषध येतं. कधीकधी ही औषधं लागतातच. पुढच्या काही आठवड्यांत मात्र जे काही नवं दिसेल ते "आजार वाढला" म्हणून सोडून दिलं जातं, नाहीतर त्यावर आणखी एक गोळी चढते. नवं लक्षण दिसलं की आधी एवढंच विचारा: गेल्या महिनाभरात कोणती गोळी सुरू झाली, वाढली किंवा बंद झाली?

त्याच्याही आधीची चूक म्हणजे कारण न शोधता गोळी मागणं. वागणं दोन-तीन दिवसांत अचानक बिघडलं असेल, तर लघवीतला जंतुसंसर्ग, चार दिवस न झालेलं पोट, दुखरी दाढ, पाण्याची कमतरता हे आधी तपासून घ्या. डिमेन्शिया सहसा असा एका रात्रीत उडी मारत नाही.

येरझारांवर डोस वाढवणं

रिस्पेरिडोन किंवा तसंच शांत करणारं हॅलोपेरिडॉल सुरू झाल्यावर काही जणांना एका जागी बसवत नाही. खुर्चीत बसले तरी पाय हलत राहतात, चार घास खाऊन ताटावरून उठतात, परत बसतात, परत उठतात. ही औषधाने होणारी तळमळ आहे, पण डिमेन्शियाच्या माणसाला ती सांगता येत नाही. घरचे फोनवर कळवतात, "अजून शांत नाहीत." डोस वाढतो, तळमळही वाढते. आधीची अस्वस्थता बहुतेक संध्याकाळी असायची आणि आता ती दिवसभर, मुख्यतः पायांत दिसत असेल, तर संशय गोळीवर घ्या. दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. फोनवरच्या वर्णनापेक्षा तो कितीतरी जास्त सांगतो.

याच औषधांनी अंग कडकही होतं. पाय घासत चालणं, हात न हलवणं, लाळ गळणं, पाणी पिताना ठसका. त्यावर ट्रायहेक्सिफेनिडिल दिली जाते, बरेच जण तिला पॅसिटेन म्हणून ओळखतात. रिस्पेरिडोनच्या काही गोळ्यांत ती मिसळूनच येते, म्हणून स्ट्रिपच्या मागचे घटक वाचा. तरुण रुग्णाला ती चालून जाते. डिमेन्शियात मात्र मेंदूतलं ॲसिटिलकोलीन हे आठवणीला लागणारं रसायन आधीच कमी पडलेलं असतं आणि ही गोळी त्याचंच काम अडवते. गोंधळ वाढतो, तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, लघवी अडकते. गंमत म्हणजे त्याच चिठ्ठीवर हेच रसायन टिकवण्यासाठी डोनेपेझिलही असते! कडकपणावर डॉक्टरांना पहिली विचारणा मूळ औषध कमी करता येईल का, अशी हवी.

सर्दीचं औषधही याच पंगतीत बसतं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला थंडी पडली की मेडिकलमधून सर्दी-खोकल्याचं काहीतरी आणलं जातं. त्यात क्लोरफेनिरामाइन किंवा डायफेनहायड्रामाइन असेल तर आजीबाई दुसऱ्या दिवशी घरच्यांनाही ओळखेनाशा होऊ शकतात.

लेवी बॉडी असताना हॅलोपेरिडॉल

घरात नसलेली लहान मुलं किंवा प्राणी स्पष्ट दिसणं, एक दिवस बरा तर दुसरा पार धुक्यात, झोपेत हातपाय झाडणं, चालण्यात कडकपणा. असं चित्र असेल तर लेवी बॉडी डिमेन्शियाबद्दल डॉक्टरांना विचारा. या प्रकारात हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने माणूस अचानक लाकडासारखा ताठ, सुस्त होतो आणि ते जिवावर बेतू शकतं. निदान झालेलं असेल तर फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा. मध्यरात्री कॅज्युअल्टीत शांत करायचं इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना तुमचा इतिहास माहीत नसतो.

पडणं म्हणजे म्हातारपण नव्हे

उभं राहताना बीपी उतरल्यानेही माणूस पडतो, म्हणून बीपी फक्त बसवून मोजू नका. पाच मिनिटं आडवं ठेवून मोजा, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवा. क्वेटियापिनने हे होऊ शकतं. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीला टेकलेला आणि माणूस पाणी मागायचं विसरलेला, तेव्हा जास्तच. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या "साध्या झोपेच्या गोळ्या" तोल बिघडवतात, काहींना उलट जास्त चिडचिडं करतात. त्या बऱ्याच दिवसांपासून चालू असतील तर एकदम थांबवू नका, झटके येऊ शकतात.

उदासीसाठी एस्सिटालोप्राम चालू असेल आणि बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल, तर सोडियम उतरण्याचा धोका वाढतो. सुस्ती, मळमळ, तोल जाणं, गोंधळ. रक्तातलं सोडियम गोळी सुरू झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत तपासावं. ज्येष्ठांमध्ये एस्सिटालोप्राम सहसा १० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत.

गोळी गिळत नाहीत म्हणून कुटून वरणात कालवताय? पुड्यावर एसआर, एक्सआर किंवा ईआर असेल तर अजिबात नको, दिवसभराचा डोस एकदम अंगात उतरतो. डिमेन्शियावरच्या रिव्हास्टिग्मिनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी) असेल तर जुना काढल्याशिवाय नवा लावू नका. पाठीवर दोन-तीन पॅच तसेच राहून गेले तर उलट्या होतात, नाडी मंदावते.

तीच चिठ्ठी, तेच मेडिकल

अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ साली क्वेटियापिनच्या गटातल्या औषधांवर चौकटीतला इशारा छापायला लावला. डिमेन्शियाच्या वृद्धांवरच्या १७ चाचण्यांत, साधारण दहा आठवड्यांच्या काळात, औषध घेणाऱ्यांत ४.५ टक्के आणि बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत २.६ टक्के मृत्यू दिसले होते. म्हणून सिन्नर-निफाडहून दरवेळी शहरात येणं होत नाही म्हणून जुन्याच चिठ्ठीवर वर्षभर गोळ्या नेणं धोक्याचं. पुरेशा डोसवर चार आठवड्यांत फरक नाही, तर औषध उतरवत बंद करण्याविषयी बोला. फरक पडला असेल तरी चार महिन्यांच्या आत कमी करून बघायचं असतं. डोस उतरवताना रोज संध्याकाळी वहीत तीन गोष्टी लिहा: झोप किती, त्रास किती वेळा, पडले का.

खूप ताप, अंग ताठ, घाम आणि शुद्ध हरपल्यासारखं असेल तर पुढची गोळी देऊ नका, १०८ ला फोन करा आणि सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून बरोबर न्या.